मेळावा कोणाच्या सवडीचा?

खेड्यांतील स्त्रियांच्या आरोग्यासाठी मेळावे भरविण्याची चाल आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आता चांगलीच रूढ झाली आहे, व ती रूढ व्हावी हे इष्टच होय. ज्या समाजात बाईच्या दुखण्याचा उच्चार चुलीपाशीही हलक्या आवाजात होत असे, त्या समाजात भर मांडवात रक्ताची तपासणी व्हावी व पाळीचे नाव उघड घेतले जावे, ही प्रगती लहान नव्हे. राज्य सरकारने २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून १८ वर्षांवरील स्त्रियांची तपासणी आरंभिली, तेही योग्यच झाले. तथापि मेळावा भरला म्हणजे काम झाले, असा जो समज पसरत चालला आहे, त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

हे मेळावे बहुधा भरतात केव्हा? संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने, नाही तर ८ मार्चच्या महिलादिनी. हळदीकुंकवास विधवेने यावयाचे की नाही, हा प्रश्न अजूनही पुष्कळ गावांत न विचारताच निकालात निघतो. वस्तुतः उतारवयातल्या एकाकी बाईस तपासणीची गरज सर्वांत अधिक. बरे, जमलेल्या स्त्रियांच्या वाट्यास काय येते? अकराची वेळ दिलेली असते, पाहुणे एकास येतात. मग शाल-श्रीफळ, मग सत्कार, मग प्रास्ताविक. व्याख्यान सुरू होईपर्यंत गुरांच्या धारा काढण्याची वेळ होते, आणि बाया एकेक करून उठू लागतात. बायकांस आरोग्याची आस्थाच नाही, असा शेरा मारून मंडळी परत शहराकडे वळतात! ज्या बाईने दिवसाची मजुरी बुडवून दोन कोस पायपीट केली, तिच्या आस्थेचे माप काढण्याचा अधिकार मोटारीतून आलेल्या आम्हां लोकांस कोठून आला?

पण जी आली तिची गोष्ट निदान सांगता तरी येते. जी आलीच नाही तिचे काय? बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात, त्या हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. म्हणजे संक्रांत व महिलादिन हे दोन्ही सोहळे गावात साजरे होत असताना, ज्या स्त्रीस वैद्याची गरज सर्वांहून अधिक, ती शेकडो मैलांवर कारखान्याच्या रानात कोपीत राहत असते. पहाटे काळोखात उठून भाकऱ्या थापावयाच्या, दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने तोड करावयाची, उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवावयाच्या. नवराबायको मिळून एक 'कोयता'. दोघांची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. आणि एक दिवस आजारी पडले की खाडा लागून पैसे कापले जातात. अशा जिण्यात पाळी म्हणजे शरीराचा धर्म न राहता अडथळा होऊन बसते, हे सांगावयास शास्त्री नको.

त्याचा परिणाम काय झाला तो २०१९ साली उघड झाला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने जी समिती नेमली, तिच्यापुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे एकट्या बीड जिल्ह्यात ८२,००० वर ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८०० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. दर सहा जणींमागे एक! अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते, एवढी तक्रार घेऊन गेलेल्या तरुण बाईस 'पिशवी काढून टाक, नाही तर कॅन्सर होईल' अशी धास्ती घालण्यात आली, असे अनेकींनी सांगितले आहे. ज्या दुखण्यास पुष्कळदा साध्या गोळ्या, स्वच्छ पाणी व थोडी विश्रांती पुरली असती, त्यासाठी कर्ज काढून शस्त्रक्रिया झाली. आणि गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले तेथे ऐन उमेदीत पाळी जाऊन हाडे ठिसूळ होण्याची पाळी आली. त्यांतल्या किती जणींस हे आधी कोणी समजावून सांगितले होते?

दोष एकट्या शस्त्रवैद्याचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. आमच्या मते मूळ त्याहून खोल, ते मुकेपणात आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीकडील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी एक ना एक व्याधी होती. तक्रार मात्र शेकडा ५५ जणींनीच सांगितली. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या निघाल्या शेकडा अवघ्या ८. मुंबईस रघुनाथराव कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले, त्यापायी खटले सोसले. शहरांची भीड त्यामुळे थोडीफार चेपली असेल. खेड्यातली भीड मासिकाने चेपत नाही, आणि व्यासपीठावरील व्याख्यानानेही नाही. ती चेपते शेजारणीच्या बोलण्याने.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जे कार्य उभारले, त्याचा कणाच हा होता. गावाने आपल्यातील बाई निवडावयाची. ती निरक्षर असली, दलित असली तरी अडचण नाही. तिने जामखेडास येऊन इतर गावच्या बायांसह शिकावयाचे, आपापल्या गावचे अनुभव सांगावयाचे, आणि परत जाऊन महिला मंडळात ते वाटावयाचे. तेथेही बायांचा मेळावाच भरे; पण त्यात बोलणारी तीच व ऐकणारीही तीच. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आज गावोगाव 'आशा' आहेत, ही गोष्ट २००५ नंतरची. परंतु मेळाव्यात त्यांच्याकडे काम कोणते? सतरंज्या घालणे, बाया जमविणे, आणि छायाचित्राच्या वेळी मागे उभे राहणे. खुर्ची त्यांस द्यावी, पाहुण्याने सतरंजीवर बसावे.

आणखी एक दाखला देतो, कारण खर्चाची सबब नेहमी पुढे येते. आताच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांच्या सहभागाने एक मोठा अभ्यास केला व २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी ज्यांची केवळ एकदाच झाली, त्या स्त्रियांच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आयुष्यातून एकदा! असे असूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा ५४ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे सत्काराच्या हारांपेक्षा लोहाच्या गोळ्यांची निकड कोठे आहे ते सांगणे नको.

आता आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. साखर आपल्या दुकानातून विकली जाते, तेव्हा हा विषय आपला नव्हे असे आपणांस म्हणता येणार नाही. खेड्यातील बाई मेळाव्यास येवो न येवो, आठवड्याच्या बाजारास ती येतेच. तेव्हा मेळावा बाजाराच्याच दिवशी, बाजाराच्याच गावी का भरू नये? एखादी रिकामी वखार, तीत पडद्याआड तपासणीची जागा, एक स्त्री डॉक्टर, दोन परिचारिका, व शेजारी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, एवढ्याने आरंभ होईल. स्वच्छतागृहाचा उल्लेख मुद्दाम केला. बहुतेक बाजारांत बायांसाठी ते नसते, आणि म्हणून घरून निघताना त्या पाणीच पीत नाहीत. जी तपासणीसाठी थांबेल तिची बुडालेली मजुरी व्यापारी मंडळाने भरून द्यावी. गणपतीच्या वर्गणीचा लहानसा हिस्साही त्यास पुरेल. नावनिशी 'आशे'च्या वहीत राहावी, म्हणजे पुढच्या बाजारी औषध कोणास द्यावयाचे, कोणास जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवावयाचे, हे तिला कळेल.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्यापूर्वी भाद्रपदात चार तरी बाजार पडतात. त्यांतील पहिला तपासणीस, उरलेले औषधपाण्यास, असा बेत बाजारपेठेच्या प्रत्येक गावी श्रावणातच ठरावा, आणि कारखान्यांच्या चालकांस आताच लेखी विचारावे की, गळीत सुरू झाल्यावर फडावर स्त्री डॉक्टर आठवड्यातून कोणत्या वारी येणार, व त्या दिवसाचा खाडा कोण माफ करणार.