रॉकेट उडवणे सोपे, सुखरूप उतरवणे कठीण

दिवाळीच्या दिवसांत कुठल्याही वस्तीत जा. रिकाम्या बाटलीत रॉकेट उभे केलेले असते. एखादा धीट पोरगा उदबत्तीने वात पेटवतो आणि बाकीचे मागे पळतात. रॉकेट सूंऽऽ करीत वर जाते आणि टाळ्या पडतात. पुढे ते कुठे पडते, हे मात्र कोणी पाहत नाही. कधी पत्र्यावर पडते, कधी वाळत घातलेल्या कपड्यांवर, तर कधी कोणाच्या डोळ्यावर. रॉकेट वर गेले की खेळ संपला, अशी आपल्या पोरांची समजूत असते.

याच्या अगदी उलट समजुतीवर उभा असलेला एक छंद अमेरिकेत आहे. त्याला 'हाय पॉवर रॉकेट्री' म्हणतात. हौशी लोक स्वतःच्या हाताने माणसाच्या छातीइतके उंच, कधी त्याहूनही मोठे रॉकेट बनवतात आणि मोकळ्या माळावर जाऊन उडवतात. तिथे रॉकेट किती उंच गेले हे नंतर विचारले जाते. आधीचा प्रश्न असतो, ते धड खाली आले का?

कुटुंबाच्या पानावर हे रॉकेट कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमचे म्हणणे असे की, घरात विज्ञान शिकणारी मुले-मुली असतील तर हा विषय कुटुंबाचाच आहे. शिवाय ज्या पोरांना रॉकेटचे वेड आहे, ती काड्यांचा गूल नळीत ठासून स्वतःचे हात भाजून घेण्याआधी त्यांना सरळ वाट दाखवणे हे आईबापांचे कामच आहे.

जोड्यांच्या दुकानदाराची करामत

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे ऑर्व्हिल कार्लाइल यांचे जोड्यांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाची त्यांना चांगली माहिती होती. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानाच्या प्रतिकृतींचा नाद होता. १९५४ च्या सुमारास कार्लाइल यांनी कागदाच्या नळीचे एक हलके रॉकेट बनवले. त्यात कागदी कवचाची छोटी मोटर बसत असे. ती एकदा वापरून बदलायची. इंधन जळून गेले की थोडा वेळ जाई, मग पुढच्या बाजूने एक छोटा बार उडे, टोपण निघे आणि आतले पॅराशूट बाहेर पडे. या रॉकेटचे नाव त्यांनी 'रॉक-ए-शूट' ठेवले. म्हणजे पॅराशूट हे या छंदाच्या जन्मापासून त्याच्या नावातच आहे.

त्याच काळात न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र तळावर जी. हॅरी स्टाइन नावाचे गृहस्थ काम करीत होते. घरच्या घरी रॉकेट करू पाहणाऱ्या पोरांच्या धोक्यांवर त्यांनी लिहिले. ते वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या आरंभी आपली रॉकेटे त्यांच्याकडे पाठवली. स्टाइन यांच्या लक्षात आले की, पोरांना रॉकेटपासून तोडायची गरज नाही. इंधनाशी खेळणे तेवढे त्यांच्या हातातून काढून घेतले की पुरे. त्याच साली अमेरिकेतील हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि पोरांचे वेड शंभरपट वाढले. घरगुती नळ्या फुटून कित्येक मुले जखमी झाली, काही दगावली. अशा वेळी दुकानदाराच्या या शोधाने असंख्य मुलांचे हात आणि डोळे वाचवले, असे म्हणायला हरकत नाही.

जोडे विकणाऱ्या माणसाला 'हे तुझे काम नव्हे' असे सांगून कोणी हाकलले नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

रॉकेटच्या अंगात काय असते?

मोटरीची ताकद इंग्रजी अक्षरांनी सांगतात. 'ए' सर्वांत लहान गटांपैकी आहे. त्यापुढे प्रत्येक अक्षराला ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट होते. 'जी'पर्यंत साधी प्रतिकृती आणि 'एच'पासून हाय पॉवर, अशी ढोबळ हद्द आहे. सुरुवातीचे रॉकेट साधारण चार इंच व्यासाचे, चार-पाच फूट लांब आणि दोन किलोच्या आत-बाहेर वजनाचे असते. नळी जाड पुठ्ठ्याची किंवा फायबर ग्लासची, पंख प्लायवूडचे, समोर निमुळते टोपण आणि चिकटवायला इपॉक्सी. त्यात आपल्या सुतारकाम करणाऱ्या बंधूला जमणार नाही असे काही नाही.

मोटरीतले इंधन अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखा पदार्थ यांचे घट्ट मिश्रण असते. प्रमाणपत्राच्या उड्डाणासाठी ही मोटर कारखान्यात बनलेली आणि तपासलेलीच लागते. ती बहुधा एक-दोन सेकंदच जळते. त्यानंतर रॉकेट नुसत्या वेगावर वर जात राहते, हळू होते आणि सर्वांत उंच जागी क्षणभर थबकल्यासारखे होते. त्या शिखराच्या क्षणी त्याचा वेग सर्वांत कमी असतो, म्हणून पॅराशूट बाहेर काढायची योग्य वेळ तीच.

साध्या रॉकेटमध्ये ही वेळ आधीच अंदाजाने ठरवतात. मोटरीत हळू जळणारा एक थर असतो, तो संपला की बार उडतो. पण वारा निराळा असला, वजन थोडे वाढले, तर अंदाज चुकतो. बार लवकर उडाला तर भर वेगात पॅराशूट उघडते आणि त्याच्या हिसक्याने दोरी नळीला कापडासारखी फाडत जाते. उशिरा उडाला तर रॉकेट नाक खाली करून निघालेले असते. पॅराशूट मुळीच उघडले नाही, तर दोन किलोची ती वस्तू ताशी ३०० किलोमीटरच्या वेगानेही जमिनीत घुसू शकते. खाली माणूस असला तर काय होईल, ते सांगायला नको.

हवाच सांगते उंची

यावर इलेक्ट्रॉनिक उपाय निघाला. नळीच्या मध्यभागी एक बंद कप्पा करतात. त्यात काडेपेटीएवढी सर्किटची पट्टी आणि बॅटरी बसते. या पट्टीला अल्टिमीटर म्हणतात. ती हवेचा दाब मोजते. आपण जसजसे वर जातो तसतसा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो, तर ९०० मीटरवर सुमारे ९१०. जमिनीजवळ साधारण साडेआठ मीटर चढले की एक हेक्टोपास्कल कमी होतो. आजची संवेदके इतकी बारीक आहेत की चाळीच्या एका मजल्याचा फरकही त्यांना कळतो.

अल्टिमीटर दर सेकंदाला अनेक वेळा दाब पाहतो. दाब कमी होत आहे, म्हणजे रॉकेट चढते आहे. दाब कमी होणे थांबले आणि पुन्हा वाढू लागला, म्हणजे शिखर गाठले. त्या क्षणी तो विजेने पेटणाऱ्या एका बारीक काडीला प्रवाह देतो. काडीने थोड्याशा काळ्या दारूचा बार उडतो, नळीचे दोन भाग जोडणाऱ्या नायलॉनच्या नाजूक खिळ्या तुटतात आणि पॅराशूट बाहेर फेकले जाते. कापड जळू नये म्हणून त्याच्याभोवती न पेटणाऱ्या कापडाचे वेष्टन असते.

कप्प्याच्या बाजूला बारीक भोके ठेवावी लागतात. ती नसतील तर बाहेरचा दाब आत पोचणारच नाही. भोके ओबडधोबड असली तरी आकडे चुकतात. लाखमोलाच्या यंत्राचा जीव सुईच्या भोकात अडकलेला असतो, तो असा.

दोन पॅराशूटांचा हिशेब

आता एक हिशेब पाहू. मुलांना तो वहीत करायला सांगावा. रॉकेट ९०० मीटर उंच गेले. मोठे पॅराशूट शिखरावरच उघडले आणि ते सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली येऊ लागले, तर उतरायला १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे लागतील. वारा सेकंदाला ५ मीटर वाहत असेल, तर तेवढ्या वेळात रॉकेट ९०० मीटर दूर वाहत जाईल. मग कोणाच्या शेतात, कोणाच्या छपरावर किंवा विजेच्या तारांवर शोधत फिरा.

म्हणून दोन पॅराशूट ठेवतात. शिखरावर फक्त छोटे उघडते. त्याने रॉकेट सेकंदाला २५ मीटर वेगाने, पण सरळ आणि आवरून खाली येते. ७५० मीटर उतरायला ३० सेकंद लागतात. १५० मीटरवर अल्टिमीटर दुसरा बार उडवतो आणि मोठे पॅराशूट उघडते. उरलेल्या उतरणीला आणखी ३० सेकंद. एकूण एक मिनिट, आणि वाहत जाणे ३०० मीटर. जमिनीवर पडताना धक्का बसतो तो सव्वा मीटरवरून खाली टाकल्याइतकाच.

दोन किलोच्या रॉकेटला असे मोठे पॅराशूट साधारण दीड मीटर व्यासाचे लागते. पातळ नायलॉनच्या पाकळ्या कापायच्या, दुहेरी शिवण घालायची, दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या ठेवायच्या आणि गुंता होणार नाही अशी घडी घालायची. आमच्या ज्या भगिनी घरी मशीनवर ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावतात, त्यांच्या हाताचे हे काम आहे. रॉकेटचा जीव त्या शिवणीवर असतो.

परीक्षा उतरण्याची

अमेरिकेत अशी मोटर कोणालाही विकत मिळत नाही. आधी संघटनेचे प्रमाणपत्र लागते. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीसाठी 'एच' किंवा 'आय' मोटरीवर स्वतः बांधलेले रॉकेट परीक्षकांसमोर उडवावे लागते. ते सुखरूप उतरले आणि पुन्हा उडवण्याच्या स्थितीत मिळाले, तरच उमेदवार पास. आकाशाला भिडून आले पण पंख तुटला, तर नापास. दुसऱ्या पायरीला लेखी परीक्षाही असते.

उडवण्याआधी सुरक्षा अधिकारी रॉकेट तपासतो. माणसांनी किमान १०० फूट दूर राहायचे, मोठ्या मोटरीला त्याहून जास्त. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. अल्टिमीटर चालू करायचा तो रॉकेट उभे केल्यावरच, आधी नाही. चालू झाल्यावर तो 'पीप पीप' आवाज करून दोन्ही काड्या नीट जोडल्या आहेत असे कळवतो. हा आवाज ऐकल्याशिवाय जाणते लोक रॉकेटजवळून हलत नाहीत. कित्येक जण दोन अल्टिमीटर आणि दोन निराळ्या बॅटऱ्या ठेवतात, एक फसला तर दुसरा असावा म्हणून.

मोठ्या रॉकेटांची रीतही हीच आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून गगनयानाची एक चाचणी घेतली. रिकामे यान सुमारे १७ किलोमीटर वर नेले आणि पॅराशूटांच्या साहाय्याने बंगालच्या उपसागरात उतरवले. नौदलाने ते बाहेर काढले. माणसाला वर पाठवण्याआधी त्याला परत कसे आणायचे, याची ही परीक्षा होती.

आपल्या मुलांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे घरी दारू कुटायची नाही, फटाके फोडून त्यातली दारू काढायची नाही, काड्यांचा गूल नळीत भरायचा नाही. त्यात जीवाला धोका आहेच. शिवाय १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली परवान्याशिवाय स्फोटक बनवणे हा गुन्हा आहे. या कायद्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

पण रॉकेटमधले उतरण्याचे शास्त्र शिकायला दारू लागतच नाही. पॅराशूट शिवा, त्याला पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन, खाली मोकळी जागा पाहून ते गच्चीवरून सोडा. सेकंद मोजा. व्यास वाढवला की काय होते ते लिहून ठेवा. हवेचा दाब मोजणारे छोटे संवेदक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. अर्डुइनोच्या पट्टीला ते जोडून जिना चढत आकडे पाहा. आयटीआयला जाणारा एखादा दादा सोल्डरिंग शिकवील. विहारात रविवारी चार पोरे-पोरी जमवून हे सहज करता येईल. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या मोटरीपर्यंत पोचता येते.

हे आपल्यासाठी नाही, असे मात्र कोणी मनात आणू नये. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने इस्रोला विकास इंजिने बनवून दिली आहेत. कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा माणूस आपल्यातलाच असतो. आणि परमपूज्य बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, इथल्या आणि परदेशातल्याही. आपल्या मुलांनी यंत्रशास्त्रात शिरावे, ही त्यांची इच्छा तेव्हापासूनची आहे.

२०२५ साली विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेटची राष्ट्रीय स्पर्धा उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात भरली. कुशीनगर म्हणजे तथागतांच्या महापरिनिर्वाणाची भूमी. तिथे भगवंतांनी अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. त्याच मातीवर आज पोरे रॉकेटची एकेक तार तपासून पाहतात, पॅराशूटची घडी पुन्हा घालतात, अल्टिमीटरचा आवाज कान देऊन ऐकतात. अप्रमाद म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हाला दिसत नाही. पुढच्या रविवारी विहारात जाताना सोबत नायलॉनचे एक जुने कापड आणि सुईदोरा घेऊन जा.

जय भीम!