चळवळीचा ठेवा नॅसवर ठेवताना : कोणत्या थरात काय, आणि जागा किती

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर हजारो मोबाइल उंचावतात. त्या दिवशीचे फोटो-व्हिडिओ संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतात. व्हॉट्सॲप एरवी फोटो दाबून छोटा करते, मूळ फाइल फोनमध्येच राहते आणि फोन बदलला की तीही जाते. दुसरीकडे, २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर रस्त्यावर उतरलेला वीस वर्षांचा तरुण आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. पत्रके, लाँग मार्चचे फोटो, भीमगीतांच्या आणि भाषणांच्या कॅसेट त्याच्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. ठिकठिकाणचे तरुण आता हे स्कॅन करू लागले आहेत. पण स्कॅन झालेले ठेवायचे कुठे, याचे उत्तर बहुतेक वेळा 'एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर' असे असते.

एकच प्रत, तीही एकाच जागी, म्हणजे काय होऊ शकते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीतील २६, अलीपूर रोडच्या घरातून बाबासाहेबांची कागदपत्रे बाहेर उघड्यावर टाकली गेली आणि पावसात भिजली. नानकचंद रत्तू यांनी ते लिहून ठेवले आहे. त्यातले जे गेले त्याची दुसरी प्रत नव्हती.

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. दोन, चार किंवा अधिक हार्डडिस्क बसणारी एक पेटी, जी वायफायच्या राउटरला वायरने जोडतात. विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या नेटवर्कवरचा कोणताही संगणक तिच्यावर फाइल ठेवू आणि वाचू शकतो.

विकत घेण्याआधी जागेचा हिशोब करावा. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत आणि न दाबता स्कॅन केले तर सुमारे २६ एमबी होते, ६०० डीपीआयवर सुमारे १०४ एमबी. म्हणजे ६०० वर दहा हजार पाने एक टीबी खातात. छापील पत्रकांना ३०० पुरते; जुने फोटो आणि फिकट झालेले हस्तलिखित ६०० वर घ्यावे. एक तासाची कॅसेट चांगल्या दर्जात (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट) घेतली तर जेमतेम एक जीबी. मिनी-डीव्ही टेपचा एक तास मात्र १३ जीबीच्या आसपास. सगळ्यात खादाड आपला मोबाइल : फोर-के व्हिडिओचे एक मिनिट फोननुसार दीडशे ते चारशे एमबी घेते.

आता फसगत होते ती जागा. चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या म्हणजे सोळा टीबी मिळत नाहीत. 'रेड ५' या मांडणीत एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी जाते, उरतात बारा. संगणक १०२४ च्या हिशोबाने मोजतो, म्हणून पडद्यावर १०.९ दिसतात. आणि पेटी काठोकाठ भरली की ती मंदावते, म्हणून ८० टक्क्यांवर थांबायचे. हाती राहिले पावणेनऊच्या आसपास. मंडळाच्या बैठकीत वर्गणी ठरवताना हाच आकडा मांडा. (जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या खर्चातून थोडे बाजूला काढले तरी सुरुवात होईल, पण तो विषय वेगळा.)

थर म्हणजे टियर. रोज लागणारे वेगवान डिस्कवर, क्वचित लागणारे स्वस्त आणि मोठ्या डिस्कवर, एवढीच कल्पना. काही महागड्या पेट्या हे आपोआप करतात. विक्रेते त्यासाठी एसएसडी घ्यायचा आग्रह धरतात. माझे मत : आपल्या कामाला घेऊ नका. साध्या एक गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जाते आणि तेवढे तर साधी हार्डडिस्कही देते. शिवाय फरक लक्षात घ्या. वाचनाच्या कॅशमध्ये एसएसडीवर फक्त नक्कल असते. आपोआप थर बदलणाऱ्या व्यवस्थेत मूळ फाइलच तिकडे हलते. तिथे एकुलती एसएसडी गेली की फाइलही गेली.

आपले थर फोल्डरनेच करावेत. पहिल्यात वाचायच्या प्रती : छोट्या जेपेग, पीडीएफ, एमपी-थ्री. हा थर सगळ्यांना खुला. दुसऱ्यात मूळ स्कॅन आणि मूळ ध्वनी. तिथे लिहिण्याचा अधिकार दोघांनाच, बाकीच्यांना फक्त वाचन. अत्याचारग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती आणि केसची कागदपत्रे यांचा फोल्डर पूर्ण वेगळा, कुलूपबंद. माहितीदाराने कशाला संमती दिली, ते त्यातच लिहून ठेवा. हे नाव-गाव ओळखू येणारे साहित्य असते. एका चुकीच्या शेअरने साक्षीदार अडचणीत येतो.

जयंतीच्या आठवड्यात पेटी भरते, म्हणून प्रत्येकाला कोटा ठरवून द्या आणि ७० टक्क्यांवर सूचना येईल अशी सोय करा. पुष्कळ जण फाइल काढूनही जागा रिकामी होत नाही म्हणून गोंधळतात. कारण स्नॅपशॉट सुरू असेल तर काढलेली फाइल त्यात धरून ठेवलेली असते; रिसायकल बिनही वेगळा रिकामा करावा लागतो. स्नॅपशॉट बंद करू नका, ते कोणी चुकून फोल्डर उडवला तर कामी येतात. मुदत तेवढी महिन्याभराची ठेवा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड वाचवते. चोरी, आग, विजेचा दणका किंवा व्हायरस यातून नाही. दुसऱ्या थराची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्याच्या घरी ठेवा. दर तीन महिन्यांनी ती आणून नवे भरा, आणि त्याच दिवशी तिच्यातल्या चार-पाच फाइल उघडून पाहा. पेटीला यूपीएस लावाच. आपल्याकडे वीज जाते आणि त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. डिस्क घेताना दुकानदाराला ती सीएमआर आहे का ते विचारा. एसएमआर प्रकारची थोडी स्वस्त पडते, पण रेडमध्ये एक डिस्क बदलायची वेळ आली की ती पुन्हा भरायला फार वेळ घेते आणि तेवढा काळ सगळा ठेवा उरलेल्या सगळ्या डिस्कच्या भरवशावर असतो.