श्रद्धा आणि पापाचे नाव : जॉन न्यूटनच्या नोंदवहीच्या आधारे

ख्रिस्ती श्रद्धा आपल्या अनुयायांना घोर अपराधापासून परावृत्त करते काय, हा प्रश्न सामान्यतः ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपात त्याचे उत्तर देणे दुष्कर आहे. ‘श्रद्धा’ आणि ‘अपराध’ ह्या दोन्ही पदांचे अर्थ वादाच्या ओघात सोयीनुसार पालटत राहतात. म्हणून जिची धर्मनिष्ठा वादातीत आहे अशी एक व्यक्ती, आणि ज्याच्या घोरपणाविषयी आज दुमत नाही असे एक कृत्य, एवढ्यापुरताच विचार करणे इष्ट होय. इंग्लंडातील जॉन न्यूटन (१७२५-१८०७) आणि अठराव्या शतकातील गुलामांचा व्यापार हे उदाहरण त्या दृष्टीने फार बोलके आहे. विशेषतः त्याने स्वतः लिहून ठेवलेली भाषा उपलब्ध असल्यामुळे.

मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरातील एका वादळात न्यूटनला ईश्वराची आठवण झाली आणि तेथून आपले मतपरिवर्तन सुरू झाले, असे तो पुढे आयुष्यभर मानीत आला. शिव्याशाप त्याने तत्काळ सोडले. तथापि १७५० ते १७५४ ह्या काळात तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरींवर गेला. जहाजावर रविवारी तो खलाशांसह उपासना करी, आणि तळघरात बेड्या घातलेली माणसे असत. ह्या सफरींची त्याची नोंदवही १९६२ साली छापून निघाली. मृत गुलामांची नावे तीत नाहीत. समुद्रात टाकलेल्या देहांची नोंद क्रमांकाने आहे. डिसेंबर १७५२ मधील एक नोंद तर अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. गुलामांचा बंडाचा बेत वेळीच उघडकीस आला ही ईश्वरी कृपा, असे प्रारंभी म्हटले आहे. आणि लागलीच, काही पोरांकडून पूर्ण कबुली मिळावी म्हणून त्यांचे अंगठे लोखंडी चापात ‘थोडेसे’ आवळल्याचे नमूद केले आहे.

येथे इंग्रजीतील ‘कन्फेशन’ हा शब्द आला आहे. मराठीत त्याचे दोन तुकडे पडतात. न्यायासनापुढची ती कबुली, आणि ईश्वरापुढचे ते पापनिवेदन. मराठी लेखकाला ह्या दोन क्रियांसाठी एकच शब्द वापरता आला नसता. इंग्रजी लेखकाला तो सहज वापरता आला. पण शब्द एक असूनही ईश्वरापुढे नित्य पापनिवेदन करणाऱ्या ह्या माणसाच्या मनात त्या पोरांच्या कबुलीचा आणि आपल्या निवेदनाचा काही संबंध जुळल्याचे चिन्ह त्या नोंदीत नाही.

ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की, तेव्हा न्यूटन खरा श्रद्धावान झालाच नव्हता. त्याला आधारही आहे. पूर्ण अर्थाने आपण श्रद्धावान झालो ते १७४८ नंतर पुष्कळ काळाने, असे खुद्द न्यूटननेच म्हटले आहे. परंतु ‘खरा श्रद्धावान घोर पाप करीत नाही’ हे विधान, पाप आढळताच श्रद्धा खोटी ठरवून सिद्ध करावयाचे, तर त्याचे खंडन कधीच होऊ शकत नाही, आणि म्हणून त्यातून काही कळतही नाही. शिवाय तारीख पुढे ढकलूनही अडचण सुटत नाही. १७६४ साली न्यूटन धर्मोपदेशक झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात, त्या धंद्यात असताना त्याच्या वैधतेविषयी आपल्याला शंका आली नाही, असे त्याने सांगितले आहे. आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी आहोत ह्याचा त्याला उबग येई, एवढेच. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर लेखणी उचलली ती १७८८ साली.

त्या काळी सारेच तसे होते, हा दुसरा बचावही टिकत नाही. न्यूटनचा समकालीन जॉन वूलमन (१७२०-१७७२) हा न्यू जर्सीतील क्वेकर पंथीय. तरुणपणी एका दुकानात कारकून असताना मालकाने त्याला एका निग्रो स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वूलमनने खत लिहिले; पण ही प्रथा ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे त्याने त्या दोघांसमक्ष सांगितले, आणि पुढे अशी खते लिहिण्याचे नाकारले. गुलाम बाळगण्याविरुद्धची त्याची पुस्तिका १७५४ साली निघाली. न्यूटनने समुद्र सोडला तेच हे वर्ष. त्यातही न्यूटनने तो सोडला प्रकृतीच्या कारणास्तव. धर्मग्रंथ दोघांचा एकच. मात्र वूलमनचे म्हणणे एकट्याचे राहिले नाही. क्वेकरांच्या सभांत सभासदांच्या आचरणाची प्रत्यक्ष चौकशी होत असे, आणि फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वास अपात्र ठरविले. कृत्याला पाप हे नाव मिळाले, आणि ते नाव उच्चारणारी माणसे शेजारी बसलेली होती.

नावाचा प्रश्न गौण नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात मूळ हिब्रू ‘एबेद’ आणि ग्रीक ‘दूलॉस’ ह्यांसाठी बहुतेक सर्वत्र सेवकवाचक शब्द योजला आहे. ‘स्लेव्ह’ हा शब्द अवघा दोनदा येतो. त्यांतील एक स्थळ ‘प्रकटीकरणा’च्या अठराव्या अध्यायातील, व्यापारी मालाच्या यादीच्या अखेरीस! न्यूटनचे अंधत्व भाषांतरकारांच्या माथी मारणे अर्थात अनुचित ठरेल. कारण मनुष्यचोरांचा निषेध तीमथ्याच्या पहिल्या पत्रात त्याच भाषांतरात स्पष्ट आहे, आणि निर्गम २१:१६ मध्ये त्या अपराधाला देहान्त शिक्षा सांगितली आहे. वाक्ये समोर होती. आपला धंदा त्या नावाखाली येतो, हे ओळखणे तेवढे राहिले होते.

१७८८ च्या पुस्तिकेत न्यूटनने जाहीर कबुली दिली. शब्द पुन्हा तोच, ‘कन्फेशन’. झालेली हानी भरून काढण्यास ती फार उशिराची आहे, हेही त्याने लपविले नाही. पुढे पार्लमेंटच्या समितीसमोर त्याने साक्ष दिली, आणि व्यापारबंदीचा कायदा त्याच्या निधनाच्याच वर्षी, १८०७ मध्ये, संमत झाला. ह्या पुस्तिकेचे मोल थोर आहे. तरीही तिचे क्रियापद पाहावे. अंगठ्यांच्या चापाचे वर्णन करताना, तासन्‌तास तळमळणारी माणसे आपण ‘पाहिली’, असे तो लिहितो. १७५२ च्या नोंदीत कर्ता गाळलेला होता. १७८८ मध्ये कर्ता आला आहे, परंतु तो पाहणारा आहे. ‘पश्चात्ताप’ ह्या आपल्या शब्दातील ‘पश्चात्’ ह्या अंशाला येथे छत्तीस वर्षांचे माप लागते.

न्यूटनच्या उपदेशाने प्रभावित झालेल्यांत क्लॉडियस ब्यूकॅनन हा एक होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा तो उपप्रमुख. विल्यम केरी तेथेच मराठी शिकवीत असे. जानेवारी १८०८ मध्ये ब्यूकॅनन गोव्यास गेला आणि १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या एका न्यायाधीशाचाच पाहुणा झाला. आरोप न सांगता आरोपीकडूनच कबुली मागण्याची त्या न्यायासनाची रीत फ्रेंच वैद्य देलाँ ह्याने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात वर्णिली आहे. तोच ग्रंथ ब्यूकॅननने यजमानापुढे ठेवला आणि तळघरातील कोठड्या पाहण्याची परवानगी मागितली. कोठड्या त्याला दाखविण्यात आल्या नाहीत. ते न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.