अडुसष्ट बटणांचा कीबोर्ड

कीबोर्डवरच्या एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे बरोबर पाऊण इंच. टेबलावरच्या बहुतेक सगळ्या कीबोर्डांत हे माप तेच सापडेल. बोटांना त्याची इतकी सवय झालेली आहे, की ते थोडं जरी कमी केलं तरी टायपिंग चुकायला लागतं. त्यामुळे कीबोर्ड लहान करायचा तर बटणं जवळ आणून चालत नाही, ती काढूनच टाकावी लागतात. स्वस्तातला छोटा मेकॅनिकल कीबोर्ड निवडताना म्हणूनच रंगीत दिवे आणि डब्यावरची विशेषणं बाजूला ठेवावीत आणि आधी एवढंच पाहावं, की कोणती बटणं गेली आहेत आणि ती गेल्यावर आपलं अडणार आहे का.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात आणि त्याची रुंदी साधारण ४३ सेंटिमीटर भरते. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन काढला की ८७ बटणं उरतात आणि रुंदी ३५ सेंटिमीटरवर येते. एफ-१ ते एफ-१२ ची ओळ, बाण, होम, एंड, डिलीट हे सगळं काढलं की उरतात ६१ बटणं आणि साधारण २९ सेंटिमीटर. बाजारात याला 'साठ टक्के' म्हणतात. त्याच्या उजव्या कडेला चार बाण आणि दोन-तीन बटणं परत बसवली की होतो ६८ बटणांचा 'पासष्ट टक्के', साडेतीस सेंटिमीटरचा. म्हणजे दीड-पावणेदोन सेंटिमीटरच्या मोबदल्यात बाण परत मिळतात.

गेम खेळणाऱ्यांना ही बचत का हवी असते, हे माउस हातात घेतल्यावर कळतं. नेमबाजीच्या खेळांत माउसचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे नेम बारीक धरता येतो. मग मागे वळायचं तर हात टेबलावर चांगला वीतभर सरकवावा लागतो. ४३ सेंटिमीटरच्या कीबोर्डाशेजारी ती जागा मिळत नाही, २९ च्या शेजारी आरामात मिळते. लहान कीबोर्डाची कल्पना मात्र गेमिंगमधून आलेली नाही. जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइची वादा यांच्या कल्पनेतून पीएफयू कंपनीने १९९६ साली 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' काढला, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. हात मधल्या ओळीवरून फारसे हलू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता.

आता बटणाच्या आत डोकावू. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची चादर असते. बटण तळापर्यंत दाबून रबर पूर्ण चेपलं की अक्षर उमटतं. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. आज सगळीकडे दिसणारा स्विच मुळात जर्मनीतल्या चेरी कंपनीचा. त्याचं नाव एमएक्स, आणि तो आला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. तो उघडला तर आत चार-पाचच भाग निघतात: खालचा डबा, वरचं झाकण, स्प्रिंग, माथ्यावर अधिकच्या चिन्हासारखा खांब असलेला दांडा, आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या. बघण्यासारखं आहे ते पुढे. आपल्याला वाटतं, की दाबल्यावर दांडा पट्ट्यांना एकमेकींवर ढकलत असेल. घडतं उलटंच. दांड्याचे दोन पाय एरवी एका पट्टीला दुसरीपासून दूर रेटून धरतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात आणि पट्टी स्वतःच्या ताणाने जाऊन दुसरीला टेकते. तुम्ही कितीही जोरात बडवा, पट्ट्या टेकतात त्या ठरलेल्या हलक्या दाबानेच. स्विच वर्षानुवर्षं टिकतो याचं मोठं कारण या मांडणीत आहे.

स्विचचे तीन मुख्य प्रकारही त्या दांड्याच्या घडणीवरून ठरतात. पाय सरळ उतरते असले तर बटण एकसारखं खाली जातं, तो लाल. पायावर छोटा उंचवटा असला तर अर्ध्या वाटेत बोटाला हलका अडथळा लागतो, तो तपकिरी. निळ्यात दांड्याभोवती एक वेगळा तुकडा असतो, तो क्षणात खाली आपटतो आणि 'टिक्' असा स्पष्ट आवाज होतो. लाल स्विचची पूर्ण चाल ४ मिलिमीटर असते आणि २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. त्यासाठी लागणारा जोर ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे दहा रुपयांची सहा नाणी तळहातावर घेतल्यावर जेवढं वजन भासेल तेवढा. बटण तळाला टेकण्याआधीच अक्षर उमटलेलं असतं. हे अंगवळणी पडलं की बोटं हलकी चालतात आणि तासन्‌तास टायपिंग करणाऱ्याला त्याचा फरक जाणवतो.

भारतात निळ्या स्विचचा आवाज पुष्कळांच्या ओळखीचा आहे. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड' कीबोर्ड कार्यालयांत, काउंटरवर आणि डीटीपीच्या टेबलांवर वर्षानुवर्षं वाजत आला, त्यात चेरीचे निळे स्विच असत. तो आवाज टायपिंगला लय देतो हे खरं. पण एकाच खोलीत कोणी झोपलेलं असेल, वसतिगृहात शेजारी अभ्यास चालू असेल किंवा खेळताना माइक चालू असेल, तर निळा घेऊ नये. टायपिंग आणि गेमिंग दोन्ही करायचं असेल तर माझं मत लालच्या बाजूने आहे. बटण दाबल्याची खूण बोटाला लागल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी तपकिरी घ्यावा.

चेरीच्या पेटंटची मुदत संपली आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या कैल्ह, गॅटेरॉन, औटेमू या ब्रँडांनी त्याच मापाचे स्विच बनवायला घेतले. स्विच बसतो त्या पत्र्यातलं भोक १४ मिलिमीटर चौरस, वर तोच अधिकच्या चिन्हाचा खांब. एका कारखान्याचं माप अशा रीतीने साऱ्या जगाचं झालं. त्यामुळे आज आपल्याकडे अडीच-तीन हजार रुपयांत मिळणाऱ्या कीबोर्डातही ५ कोटी दाबांची हमी लिहिलेले स्विच असतात. एकच बटण रोज १० हजार वेळा दाबलं तरी ५ कोटींना साडेतेरा वर्षांहून जास्त लागतील. एक माप साऱ्यांचं होणं ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आपल्याकडच्या धुळीसाठी कैल्हचे 'बॉक्स' प्रकारचे स्विच खास पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांत धातूचे संपर्क वेगळ्या बंद डबीत ठेवलेले असतात. स्विचमध्ये घाण गेली की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटायला लागतं, आणि मग टायपिंगचा वीट येतो.

अशा वेळी उपयोगी पडतो 'हॉट-स्वॅप' कीबोर्ड. त्यात स्विच डाग देऊन बसवलेले नसतात, सॉकेटमध्ये खोचलेले असतात. सोबत मिळणाऱ्या चिमट्याने बिघडलेला स्विच उपटायचा आणि नवा दाबून बसवायचा. पाय वाकडा जाऊ नये एवढीच काळजी घ्यावी. पण इथे एक मेख आहे. काही स्वस्त कीबोर्डांची सॉकेट औटेमूच्या बारीक पायांपुरतीच असतात, इतर कंपन्यांचे जाड पाय त्यांत जात नाहीत. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. स्विचला धातूचे दोन आणि प्लास्टिकचे तीन असे मिळून पाच पाय असतील आणि कीबोर्ड 'तीन पिन'चा असेल, तर कडेचे प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने कापले तरी चालतं.

गेमिंगसाठी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ६१ बटणांना ६१ तारा नसतात. आडव्या ५ आणि उभ्या १४ तारांची जाळी असते. एकूण १९ तारा, आणि प्रत्येक स्विच एकेका छेदावर. कीबोर्डातली चिप एकेक तार तपासत सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी चाळते. पण समजा क्यू, डब्ल्यू आणि ए ही तीन बटणं एकदम दाबली. चौकोनाचे तीन कोपरे जोडले गेले, की वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातून आल्यासारखी दिसते आणि न दाबलेलं एस उमटतं. प्रत्येक स्विचजवळ एक डायोड बसवला की वीज उलटी फिरत नाही आणि हा भुताटकीचा एस नाहीसा होतो. सगळी बटणं एकदम दाबली तरी प्रत्येकाची नोंद होणं, याला 'एन-की रोलओव्हर' म्हणतात. माहितीत हे शब्द आहेत का पाहावेत. खेळायचं असेल तर ब्लूटूथवर अवलंबून राहू नये. तार, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल वापरावा. सेकंदाला १००० वेळा माहिती पाठवणारा कीबोर्ड दर मिलिसेकंदाला बोलतो, १२५ वेळा पाठवणारा दर ८ मिलिसेकंदांनी.

मराठी टायपिंग करणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, आणि त्यासाठी इंग्रजीत फारशी न लागणारी बटणंही कामाला लागतात. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, चौकटी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य. आकड्यांच्या ओळीवर शिफ्ट धरला की ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात, आणि 'बॅट'मधला चंद्रही २ च्या बटणावर असतो. ६१ आणि ६८ बटणांच्या कीबोर्डांत हे सगळं जागच्या जागी आहे. 'चाळीस टक्के' म्हणून मिळणाऱ्या अगदी चिमुकल्या कीबोर्डांत आकड्यांची ओळच नसते आणि बहुतेकांत चौकटी कंसही नसतो. म्हणजे ड-ढ लिहायलाही दुसरं बटण धरून ठेवावं लागणार. मराठी लिहिणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी तर छोट्या कीबोर्डाच्या वाटेलाच जाऊ नये. कृतिदेवसारख्या फॉन्टात कित्येक जोडाक्षरं आल्ट धरून आकड्यांच्या चौकोनातले अंक दाबल्यावरच येतात. वरच्या ओळीतले अंक तिथे चालत नाहीत. दिवसभर हिशेब टाकणाऱ्यांनाही हेच सांगेन.

बाकीच्यांनी ६१ आणि ६८ यांत ६८ घ्यावा. मजकूर सुधारताना बाण क्षणोक्षणी लागतात, आणि प्रत्येक वेळी एफएन बटण धरून ते शोधणं हा हाताला नसता ताप आहे. रॉयल क्लजचा आरके-६८, कीक्रॉनचा के-६ ही या आकाराची परिचित उदाहरणं. रेडरॅगनचा के-६१७ हा ६१ बटणांचा, ज्यांना मुख्यतः खेळायचंच आहे त्यांच्यासाठी. कीबोर्ड 'व्हीआयए' या मोफत साधनाला जोडता येत असेल तर कोणत्याही बटणाला हवं ते काम देता येतं, आणि ते कीबोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत राहतं. संगणक बदलला तरी बिघडत नाही. बटणांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात. एबीएसच्या टोप्या काही महिन्यांत बोटांच्या तेलाने चकाकायला लागतात. टोप्यांचा नवा संच घेताना त्यात आखूड उजवा शिफ्ट आहे याची खात्री करावी, कारण पासष्ट टक्क्यांत बाणाला जागा देण्यासाठी तो पूर्ण कीबोर्डापेक्षा एका बटणाने कमी लांब केलेला असतो.

अलीकडे चुंबकाचे कीबोर्डही स्वस्त होऊ लागले आहेत. दांड्यात चुंबक असतो आणि तो किती खाली आला हे संवेदक मोजतो. तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेलं. बटण ०.१ मिलिमीटर हललं तरी नोंद करता येते, आणि बोट वर उचलायला लागताच बटण सुटलं असं धरता येतं. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने ही सोय गेमिंगमध्ये लोकप्रिय केली. त्यापुढे जाऊन दोन विरुद्ध दिशांची बटणं कीबोर्डानेच सांभाळण्याची युक्ती आली, तेव्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक २' या खेळात अशा मदतीवर बंदी घातली. टायपिंगला यातलं काही लागत नाही. स्पर्धेत उतरायचं नसेल तर तेच पैसे चांगल्या टोप्यांवर खर्च करावेत.

डबा घरी आला की परतीची मुदत संपण्याआधी स्पेसबार डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूने दाबून पाहावा. तो खडखडत असेल तर खालच्या आधारतारेला वंगण कमी आहे. सोबतच्या केबलऐवजी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावून पाहावी. काही स्वस्त कीबोर्ड तिच्यावर चालूच होत नाहीत. मग इन्स्क्रिप्ट सुरू करून बॅट, ज्ञान, त्रास, क्षण, श्रम हे पाच शब्द लिहावेत. शिफ्ट आणि वरच्या ओळीतली पाच बटणं त्यात तपासून होतात.