वजनाची शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला आपल्याकडे सर्रास ‘चरबी काढण्याचे ऑपरेशन’ म्हणतात. “डॉक्टर, एका वेळी किती किलो चरबी निघते हो?” असे मला दवाखान्यात अनेकांनी विचारले आहे. वस्तुतः या शस्त्रक्रियेत चरबी काढतच नाहीत. जठर लहान केले जाते आणि काही प्रकारांत लहान आतड्याची जोडणी बदलली जाते. चरबी पुढे वर्ष-दीड वर्षात शरीर आपण होऊन खर्च करते. एवढे ध्यानात आले की शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याचा अर्थही लागतो.

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तिला आज गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलीलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी राखतात व ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुसरा आणि आज अधिक प्रमाणात होणारा प्रकार म्हणजे स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात व केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भूक चाळवणारे एक संप्रेरक जठराच्या काढलेल्या भागातच मुख्यतः तयार होत असल्याने भूकही मंदावते. दोन्ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात.

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. तीन-चार दिवसांत रुग्ण गावी परततो आणि पुढची सगळी वर्षे घरच्या स्वयंपाकघरात काढायची असतात. म्हणून हा लेख रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांसाठी आहे.

पहिली गोष्ट हिंडण्याफिरण्याची. रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, तेव्हा नातेवाईकांच्या जिवाची घालमेल होते. “एवढं मोठं ऑपरेशन झालंय, पडू दे की जरा!” पण पडून राहणे हाच खरा धोका आहे. वजनदार माणूस निजून राहिला की पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली तर जिवावर बेतते. म्हणून घरी आल्यावरही दर एक-दोन तासांनी पाच-दहा मिनिटे घरातल्या घरात चालावे. जिना हळूहळू चढण्यास सहसा हरकत नसते. शहरातून गावी येताना एसटीचा किंवा गाडीचा प्रवास लांबचा असेल तर मध्ये उतरून पाय मोकळे करावेत.

चालणे हवे, पण उचलणे नको. पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जड काही उचलू नये. भोके लहान दिसतात म्हणून लोक हे मनावर घेत नाहीत. पण त्वचेखालचे थर भरून यायला वेळ लागतो आणि त्याआधी जोर लावला तर तिथे हर्निया होऊ शकतो. पाच किलो म्हणजे किती, हे घरातल्या मापाने सांगतो. भरलेली कळशी नको, हंडा तर नकोच. गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन तीस किलोच्या घरात जाते, त्याला हातही लावू नये. नातवाला कडेवर घेऊ नये. आपण बसावे आणि त्याला मांडीवर यायला सांगावे. स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणे, किक मारणे ही कामे दुसऱ्याने करावीत. वाहन चालवायचे तर गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झालेली असावीत आणि एकदम ब्रेक दाबताना पोटात कळ येता कामा नये. टेबलावरचे काम करणारे बहुधा दोन-तीन आठवड्यांत कामावर जातात. शेतातले, हमालीचे काम, सूर्यनमस्कार, व्यायामशाळा हे सर्व सहा आठवड्यांनंतर आणि शल्यचिकित्सकाला विचारूनच. जखमा पूर्ण भरेपर्यंत विहिरीत वा नदीत पोहू नये.

आता खाणे. पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेले सूप घोट-घोट घ्यायचे. त्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत पातळ पदार्थ, म्हणजे साय काढलेले दूध, ताक, डाळीचे गाळलेले दाट पाणी. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांपर्यंत मऊ शिजवलेले. नेहमीचे जेवण त्यानंतर. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपल्याला दिलेला असेल तोच पाळावा, शेजारच्या रुग्णाचा पाळू नये.

आमटीची लहान वाटी आणि चहाचा चमचा एवढेच ताट समजावे. घास वीस-पंचवीस वेळा चावावा, जेवणाला वीस मिनिटे तरी लावावीत आणि छातीखाली दडपल्यासारखे वाटले की तिथेच थांबावे. मऊ पोळी व चिकट भात यांचा गोळा होऊन तो अडकतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. भाकरी-पोळी सुरुवातीस आमटीत कुस्करूनही अगदी थोडी घ्यावी. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. घोटाघोटाने दिवसभरात दीड लिटर तरी पाणी पोटात गेले पाहिजे. यासाठी बाटलीवर खुणा करून ठेवणे मला सर्वांत सोपे वाटते.

बायपास झालेल्यांनी गोडाशी विशेष जपून वागावे. श्रीखंड, जिलबी, उसाचा रस यांतील साखर लहान आतड्यात एकदम उतरते. मग छाती धडधडणे, घाम, पोटात कळा, जुलाब असा त्रास होतो. रुग्ण घाबरतो, घरच्यांना हृदयविकाराचा झटका वाटतो. आडवे झाल्यावर थोड्या वेळात बरे वाटते, पण पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या शाकाहारी घरांत खरी अडचण प्रथिनांची होते. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास मिळतात. वरणाच्या पाण्यात मात्र फारसे काही नसते. “रोज वरणाचं पाणी देतोय” असे समाधानाने सांगणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात. डाळच घोटून दाट करा, दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा, दही बांधून त्याचा चक्का बिनसाखरेचा द्या. वाटीत आधी डाळ, पनीर, अंडे, मासे; मग भाजी; जागा उरलीच तर भात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी या हिशेबात कुठेच बसत नाही. आणि निर्जळी उपवास तर पहिल्या वर्षात टाळावाच.

एक प्रसंग सांगतो. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झालेल्या एका बाईंना त्यांचे यजमान माझ्याकडे घेऊन आले. तीन आठवडे रोज उलट्या होत होत्या. घरचे मात्र खुशीत होते, कारण वजन झपाट्याने उतरत होते; उलट्या म्हणजे ऑपरेशनचाच गुण, असा त्यांचा समज. त्या दिवशी बाई चालताना भेलकांडल्या आणि एकाची दोन माणसे दिसू लागली, म्हणून आणले. हे ब-१ जीवनसत्त्व संपल्याचे लक्षण. शरीरात त्याचा साठा थोडक्या आठवड्यांचाच असतो आणि तो संपला की मेंदूला इजा होते, ती कायमचीही ठरू शकते. यजमानांचा आग्रह होता की आधी “ताकदीचे” ग्लुकोजचे सलाईन लावा. ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर अशा रुग्णाची अवस्था बिघडते. मी आधी ब-१ चे इंजेक्शन दिले आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात त्यांना त्याच दिवशी पाठवले. तिथे जठराची नळी एका जागी अरुंद झालेली आढळली. बाई आता बऱ्या आहेत, मात्र पायांची बधिरता जायला काही महिने लागले. दोन-तीन दिवस सतत उलटी होणे हे पथ्याचे यश नव्हे, तातडीने दाखवण्याचे कारण आहे.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. इथेच बहुतेकांची गाडी अडते. वर्षभराने तब्येत छान वाटू लागते आणि गोळ्या बंद होतात. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची कमतरता सावकाश, काही वेळा वर्षांनी उघड होते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात, बायका फार घाबरतात; प्रथिने व लोह पुरेसे असेल तर काही महिन्यांत केस परत येतात. पहिले वर्षभर दर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासावे.

मधुमेहाच्या रुग्णांची साखर काही दिवसांतच उतरू लागते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन वा गोळ्या घेत राहिल्यास साखर धोकादायकरीत्या घसरेल, म्हणून मात्रा लगेच ठरवून घ्यावी. तरुण स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवावा. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी कायमची सोडावी. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते.

पाहुण्यांचा आग्रह हे आपल्याकडचे वेगळेच दुखणे. “एवढंसं जेवलीस? वहिनी रागावल्या वाटतं!” असे म्हणून पानात वाढले जाते. पानात टाकायचे नाही म्हणून बिचारी संपवते आणि मोरीत जाऊन ओकते. यजमानीणबाईंनी अशा पाहुणीला लहान वाटीतच वाढावे आणि पुन्हा विचारू नये.

पहिल्या महिन्यात ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढते दुखणे, दम लागणे, एका पोटरीला सूज, काळी शौचास होणे यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि रुग्णालयाचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी व कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ती आधी दाखवावी. सांधेदुखीवर, अंगदुखीवर दुकानातून आणून घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासच्या जोडावर, व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. ताप वा दुखणे असेल तर पॅरासिटामॉल चालते.