शिकारी पिकतो तो कसा?

वाचकहो, खालापूर-कर्जतच्या रानातल्या कातकरी-ठाकरांची शिकारीची विद्या पुस्तकात सापडायची नाही. पोरगा प्रथम थोरांमागून नुसता चालतो. मग खुरांचा माग, लेंड्यांची ओल, वाऱ्याची दिशा ओळखू लागतो. भेकर कुत्र्यासारखे भुंकले म्हणजे त्याला धोक्याची चाहूल लागली, हे उमगायलाही काही पावसाळे जावे लागतात. तरुणपणी जनावर पाडण्याची घाई. वय वाढले की कोणते पाडू नये, हे कळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचीही वाट मिटली. हरणे जगायलाच हवीत. पण माग वाचणाऱ्या त्या डोळ्यांचे काय? रानाच्या राखणीला ते लावले नाहीत, तर म्हाताऱ्यांबरोबर ही विद्याही जाईल!