शाळेंतील नवें यंत्र

खेड्यांतील शाळेला कोणा उदार गृहस्थानें संगणक भेट दिला, म्हणजे त्या दिवशीं शाळेंत लहानसा समारंभ होतो. नारळ फुटतो, यंत्राला हार पडतो, मुलें टाळ्या वाजवितात. वर्षभरानें तेंच यंत्र पुष्कळ ठिकाणीं कापडाखालीं झांकलेलें किंवा कपाटांत कुलुपबंद आढळतें. मध्यंतरीं वीज गेलेली असते, बिघाड दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गांवीं असतो, आणि महागाची वस्तु मुलांच्या हातून मोडेल या भयानें शिक्षकांनींच ती दूर ठेवलेली असते. देणाऱ्याचा हेतु चांगला, घेणाऱ्याची गरज खरी; मग चुकतें तें कोठें, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत अनेक गरीब देशांना पडला आहे. त्याच्या उत्तरासाठीं जे प्रयोग झाले, त्यांपैकीं तीन विशेष उद्बोधक आहेत.

पहिला प्रयोग दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा. अमेरिकन प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनीं २००५ सालीं प्रत्येक मुलाला एक स्वस्त संगणक देण्याची कल्पना जगापुढें मांडली. किंमत शंभर डॉलर असावी असा संकल्प होता. प्रत्यक्षांत ती दोनशेंच्या घरांत गेली. तरीही पेरूच्या सरकारनें असे आठ लाखांहून अधिक संगणक विकत घेतले आणि अँडीज पर्वतांतील दुर्गम खेड्यांपर्यंत ते पोंचविले. पुढें ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाले. संगणक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांची सुमारें पंधरा महिन्यांनंतर तुलना केली असतां, गणित व भाषा या विषयांत उल्लेखनीय असा फरक आढळला नाहीं. मुलें यंत्र सफाईनें हाताळूं लागलीं होतीं. तर्कशक्तीच्या कसोट्यांतही थोडी सुधारणा दिसली. परंतु ज्या वाचन-गणितासाठीं एवढा खर्च झाला, तें होतें तेथेंच राहिलें. याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. इंटरनेटची सोय फारच थोड्या शाळांत होती, आणि कोणता धडा शिकवितांना यंत्राचा कसा उपयोग करावा याची घडी शिक्षकांना बसवून दिलेली नव्हती. यंत्र मुलाच्या मांडीवर आलें, अभ्यासांत आलें नाहीं.

दुसरा प्रयोग दिल्लीचा. तेथील सरकारी शाळांतील सुमारें सहाशें मुलांमध्यें २०१५ सालीं सोडत काढण्यांत आली, आणि जिंकणाऱ्यांना शाळेबाहेरील एका केंद्रांत विनामूल्य शिकण्याची संधि मिळाली. रोजच्या दीड तासांपैकीं निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटांत शिक्षकासमवेत, असा क्रम होता. प्रारंभींच्या परीक्षेंत एक विदारक गोष्ट उघडकीस आली. सहावींतील सरासरी विद्यार्थी गणितांत आपल्या इयत्तेच्या सुमारें अडीच वर्षें मागें होता, आणि वरच्या वर्गांत हें अंतर आणखी वाढत होतें. असा मुलगा रोज शाळेंत येतो, फळ्यावरचें गणित वहींत उतरवून घेतो, आणि वर्ष संपतें. पण त्याला तें कळलेलें नसतें. गुरुजींच्या मागें अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते. साठ मुलांपैकीं कोणाचें पाऊल कोठें अडलें, हें त्यांनीं पाहावें तरी केव्हां?

नेमकें हें काम यंत्राकडे सोंपविलें होतें. समजा, ०·५ आणि ०·३५ यांपैकीं मोठी संख्या कोणती, असें विचारलें असतां मुलगा ०·३५ म्हणतो. चुकलें एवढेंच सांगून त्याचा कांहीं लाभ नाहीं. पस्तीस हे पांचांहून मोठे, म्हणून ही संख्या मोठी, अशी त्याची समजूत झालेली असते. चुकांच्या प्रकारावरून ती समजूत ओळखावयाची, विद्यार्थी सहावींत बसत असला तरी त्याला चौथीचें उदाहरण द्यावयाचें, आणि तेथून एक एक पायरी वर आणावयाचें, अशी त्या संगणकाची योजना होती. साडेचार महिन्यांत सोडत जिंकलेल्या मुलांनीं गणितांत इतरांच्या दुपटीहून अधिक प्रगति केली. हिंदींतही त्यांची चाल अशीच वेगाची होती. जीं मुलें फार मागें पडलीं होतीं, तीं एरव्हीं शाळेंत जवळजवळ जागचीं हललींच नसतीं; येथें तीं पुढें सरकलीं. मात्र शाळेच्या गणिताच्या परीक्षेंत ही वाढ दिसून आली नाहीं, कारण तेथील प्रश्न इयत्तेप्रमाणें होते, आणि हीं मुलें अजून खालच्या पायऱ्या चढत होतीं. केवळ वार्षिक गुणांकडे पाहणाऱ्या आईबापांनीं एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें उदाहरण आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशाचें. २०२० सालीं कोरोनाच्या सांथीनें जगभर शाळा बंद पडल्या. घरीं बसून इंटरनेटवर शिकावें, असा उपदेश चोहोंकडे झाला. पण त्या वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं केलेल्या गणतीप्रमाणें जगांतील ३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं दोन-तृतीयांश मुलांच्या घरीं इंटरनेट नव्हतें. बोट्स्वानांत मग साध्या टेलिफोनचा आश्रय घेण्यांत आला. सुमारें साडेचार हजार कुटुंबांपैकीं कांहींना आठवड्याला गणिताचे प्रश्न लघुसंदेशानें धाडले, आणि दुसऱ्या कांहींना त्याच्या जोडीला पंधरा-वीस मिनिटें शिक्षकाचा फोन येत असे. नुसत्या संदेशांचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाहीं; ज्या घरांत संदेशामागून माणसाचा आवाज गेला, तेथील मुलांचें गणित सुधारलें. लाखों डॉलरांच्या सामग्रीनें जें साधलें नाहीं, तें अगदीं जुन्या फोननें साधलें, कारण पलीकडे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारा कोणी होता.

महाराष्ट्राला या गोष्टीचा दाखला घरचाच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत परितेवाडी म्हणून एक गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं क्रमिक पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोनी ठसे लावले. फोन त्यांवर धरला कीं त्या पाठाची कविता ऐकूं येते किंवा चित्रफीत दिसते. २०२० मध्यें त्यांना दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. येथें यंत्र पुस्तकाच्या जागीं आलें नाहीं, पुस्तकाच्या पानावर आलें. आणि कोणत्या पानावर काय हवें, हें वर्गांत उभ्या असलेल्या माणसानें ठरविलें.

शहरांतील सुशिक्षित घरांतून आज खेड्यांतील शाळांना टॅब्लेट, संगणक मोठ्या आस्थेनें पाठविले जातात. ही आस्था थांबूं नये. परंतु पेटी बांधण्यापूर्वीं शाळेंतील शिक्षकांना दोन-चार प्रश्न अवश्य विचारावेत. मुलें कोणत्या पायरीवर अडलीं आहेत? त्यांच्या भाषेंत आणि त्या पायरीचा पाठ या यंत्रांत आहे काय? बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च कोण सोसणार, आणि रोज तास-अर्धा तास मुलांजवळ कोण बसणार? उत्तरें मिळालीं नाहींत, तर त्याच पैशांतून गांवांतील एखाद्या शिकलेल्या मुलीला सायंकाळचा वर्ग चालविण्यासाठीं वेतन द्यावें. यंत्र मागाहून पाठवितां येईल. तोंवर तें कोणत्या कामाला हवें, हें तीच सांगूं शकेल.